दीडशे किलोमीटरची हुर्यो

शिकागो ते मिलवॉकी हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे मुंबई-पुण्याइतकंच. योगायोग एवढ्यावर थांबला असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण शिकागो हे पाण्याकाठचं अवाढव्य, घाईतलं, स्वतःवर बेहद्द खूश असलेलं शहर. मिलवॉकी त्याच मिशिगन सरोवराच्या काठाने थोडं उत्तरेला, आकाराने लहान, मताने ठाम, आणि ‘आमच्याकडे काय कमी आहे?’ असं कोणी विचारलेलं नसताना त्याचं सविस्तर उत्तर देणारं. शनिवार उजाडला की मोठ्या शहरातली माणसं गाड्या भरभरून इकडे येतात, रांगेत मोठमोठ्याने बोलतात आणि ‘इथे सगळं किती स्वस्त आहे नाही?’ हे बरोबर स्थानिकांच्या कानाशी म्हणतात. स्थानिक गप्प राहतात. फक्त त्यांच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. तो भाव मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मी सदाशिव पेठेत वाढलोय.

माझी पंचाईत अशी, की या नाटकात मी मुंबईकराच्या भूमिकेत आहे. राहायला शिकागोच्या वायव्य उपनगरात, आणि कन्या सई कडवी कब्जभक्त. शिकागो कब्ज हा बेसबॉलचा संघ. त्यामुळे दर उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी निळी टोपी घालून, गाडीला निळा झेंडा लावून मी दुसऱ्याच्या गावावर स्वारी करतो आणि माझ्या आतला पुणेकर तिथल्या लोकांच्या बाजूने माझ्याकडे रोखून बघत असतो.

कब्जचं घरचं मैदान सोडून मिलवॉकीला का जायचं, हा प्रश्न माझ्या वडिलांनी पुण्याहून विचारला होता. घरचं मैदान म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ सालचं, भर वस्तीतलं, सीमेवरच्या विटांच्या भिंतीवर वेली चढलेलं. चेंडू त्या वेलीत अडकला तर फलंदाजाला दोन बेस बहाल करून खेळ पुढे चालू करतात. १९८८ सालापर्यंत या मैदानावर दिवे नव्हते, कब्जचे घरचे सामने दिवसाउजेडीच व्हायचे. हे सगळं रम्य आहे. पण तिकीट काढताना रम्यतेचे पैसे वेगळे लावलेले दिसतात, आणि गाडी कुठे लावायची हे ज्याचं त्याने परमेश्वराला विचारायचं. मिलवॉकीला तिकीट बहुधा स्वस्त आणि मैदानाभोवती गाड्या लावायला नजर पोचेल तिथवर जागा. ही अक्कल माझ्या एकट्याची नाही. कब्ज तिथे खेळायला गेले की प्रेक्षागारात इतका निळा रंग पसरतो, की शिकागोवाले त्या मैदानाला खुशाल ‘रिग्ली नॉर्थ’ म्हणतात. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन दारावर आपल्या नावाची पाटी लावण्यातला हा प्रकार. मिलवॉकीच्या ब्रुअर्स क्लबने वैतागून एकदा या सामन्यांची तिकिटं आधी फक्त विस्कॉन्सिन राज्याच्या रहिवाशांना विकायला काढली होती. ती बातमी वाचून मी मनातल्या मनात त्यांना दाद दिली. ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे दोन शब्द वाचले की मराठी माणसाला आपोआप बरं वाटतं, मग त्यात आपलाच पत्ता का कापला जाईना.

सईने हा संघ निवडला असं म्हणता येणार नाही. शिकागोत दोन संघ आहेत. दक्षिणेकडच्यांचा व्हाइट सॉक्स, उत्तरेकडच्यांचा कब्ज. मूल कुठल्या बाजूच्या दवाखान्यात जन्मलं यावर पुढचं सगळं ठरतं, तिथे आईबापाचं मत विचारत नाहीत. कब्ज १९०८ साली वर्ल्ड सिरीज जिंकले आणि त्यानंतर थेट २०१६ साली. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला. अपयशाचं कारण म्हणून एक बोकड सांगतात. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला शिकागोचा एक गुत्तेवाला आपला पाळलेला बोकड घेऊन रिग्लीवर आला, बोकडाला वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं आणि त्याने तळतळून शाप दिला, अशी कथा आहे. मी पुणेकर असल्यामुळे लगेच वजाबाकी केली. शाप १९४५ चा, जिंकले होते १९०८ ला. म्हणजे आधीची सदतीस वर्षं निव्वळ स्वकर्तृत्वाची.

हे सगळं सईने आजीला फोनवर सांगितलं तेव्हा आजीने फक्त एक आकडा पकडला.

“किती वर्षं म्हणालीस?”

“वन हंड्रेड अँड एट, आजी. एकशे आठ. आणि बेसबॉलवर टाके पण एकशे आठच असतात!”

“मग शाप कसला गं? जप झाला तो. माळ पूर्ण झाली, देव पावला.”

इथल्या क्रीडा पत्रकारांनी त्या विजयावर ढिगाने पुस्तकं लिहिली. इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

तर स्वारी. सई मागच्या सीटवर डाव्या हातात चामड्याचा मिट घालून बसते आणि तो मैदानात पोचेपर्यंतच काय, घरी येईपर्यंत काढत नाही. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याने पकडला त्याचा, असा इथला कायदा आहे. त्यामुळे चांगले पन्नाशीतले, कर्ज फेडणारे, मुलगी लग्नाला आलेले गृहस्थही हातात मिट चढवून बसलेले दिसतात. आमच्या वाड्यात चेंडू जोगळेकरकाकूंच्या अंगणात गेला की तो काकूंचा व्हायचा, त्यामुळे हा कायदा मला नवा नाही. नवा आहे तो रिग्लीवरचा पोटनियम: प्रतिस्पर्ध्याने मारलेला होमरनचा चेंडू तुमच्या हातात आला, तर तो तिरस्काराने मैदानात परत फेकायचा. नाही फेकला तर आजूबाजूचे हजारो लोक फेकायला लावतात. खराखुरा लेदरचा चेंडू! फुकट मिळालेला! आणि परत? मी सईला स्पष्ट सांगून ठेवलंय, की असा प्रसंग आला तर चेंडू बाबाकडे द्यायचा आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायची.

इलिनॉय राज्यात टोल आहे, विस्कॉन्सिनमध्ये नाही. त्यामुळे सीमा ओलांडली की पैशांच्या बाबतीत आपोआप हलकं वाटतं आणि ते पैसे खर्च करायची सोय केनोशाजवळ केलेली आहे. तिथे हायवेच्या कडेला बुरूज वगैरे असलेला एक किल्ला उभा आहे, मार्स चीज कॅसल. किल्ला दिसला की आपण कोणी बांधला, कोणी वेढा घातला, कोण फितूर झाला हे विचारणारी माणसं. या किल्ल्यात चीज विकतात. लोणावळ्याला गाडी थांबलीच पाहिजे आणि चिक्की घेतलीच पाहिजे, हा नियम ज्याच्या रक्तात आहे त्याला केनोशाला ब्रेक आपोआप लागतो. ताज्या चीजचे गोळे चावताना दाताखाली चुंई चुंई वाजतात. ते वाजले तर ताजे, असं दुकानदार सांगतो. सई पिशवी उघडून एकेक गोळा कानाजवळ नेऊन चावते आणि निकाल देते. आमच्या पुढ्यात बायकोने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा तसाच असतो, कारण पुऱ्या ‘तिकडे गेल्यावर’ खायच्या असतात. ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे आमच्या घराण्यात कधी ठरलेलं नाही.

मैदानाबाहेरचा पार्किंगचा माळ हा मिलवॉकीचा खरा उत्सव. सामन्याआधी तीन-तीन तास माणसं येतात, गाडीची डिकी उघडतात, घडीच्या खुर्च्या मांडतात, कोळशाची शेगडी पेटवतात आणि सॉसेज भाजायला घेतात. धुराचा लोट असा उठतो, की मैदान धुरात असतं आणि त्यावर छप्पर तरंगताना दिसतं. आम्ही कणसं नेतो. शेगडीवर कणीस भाजून लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून वरून चोळायची. एका शनिवारी पहिल्यांदा शेजारच्या डिकीतल्या, ब्रुअर्सचा शर्ट घातलेल्या धिप्पाड गृहस्थाने लांबून बघितलं. मग वास त्याच्यापर्यंत पोचला. मग तो दोन सॉसेज घेऊन आला आणि एक कणीस घेऊन गेला. जाताना आमच्या टोप्यांकडे बघून म्हणाला, “शिकागोकडून आलेली ही पहिली चांगली गोष्ट.” माझ्या आतला पुणेकर उठून उभा राहिला. स्तुतीतही अपमान इतका बेमालूम मिसळणारा माणूस मला लक्ष्मी रोड सोडल्यावर प्रथमच भेटत होता.

मैदानाचं छप्पर पंख्यासारखं उघडतं-मिटतं, दहा मिनिटांत. पाऊस आला तरी खेळ थांबत नाही. ज्याने पावसात बुडालेले कसोटी सामने रेडिओला कान लावून ऐकले, ‘पंच खेळपट्टीची पाहणी करत आहेत’ या वाक्यावर दुपारच्या दुपारी काढल्या, त्याला हे छप्पर बघून आनंद व्हायला हवा. मला जरा अन्याय झाल्यासारखं वाटतं. पाऊस पडून सामना बुडालाच नाही, तर आपण जिंकलो असतो असं म्हणायचं कशाच्या जोरावर?

रेडिओवरून आठवलं. आमची जागा नेहमी सर्वांत वरच्या मजल्यावर असते, कारणं उघड आहेत. तिथे शेवटच्या रांगेत एक गृहस्थ पाय पसरून निवांत बसलेले असतात. ते ब्राँझचे आहेत. बॉब युकर. हे जन्माने मिलवॉकीचे. १९७१ पासून ब्रुअर्सचे रेडिओ समालोचक, २०२५ च्या जानेवारीत नव्वदाव्या वर्षी गेले. स्वतः खेळाडू असताना त्यांची फलंदाजीची सरासरी अगदीच बेताची होती आणि त्यावर त्यांनी आयुष्यभर स्वतःच विनोद केले. आपल्याकडे पुतळा म्हटला की घोडा आलाच, निदान उगारलेलं बोट तरी. इथल्या लोकांनी आपल्या सर्वांत लाडक्या माणसाला मैदानातल्या सर्वांत वाईट जागेवर बसवलं, तेही कायमचं, आणि मानाने. तशी मैदानाबाहेर त्यांची रीतसर उभी मूर्तीही आहे, पण गर्दी वरच्याकडे. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत मोठा झालेला मी दर वेळी त्या पुतळ्याशेजारी बसून एक फोटो काढून घेतो. सई मिट तोंडावर धरून दुसरीकडे बघते.

खेळाविषयी सांगायचं तर सई सांगेल. ती कागदी स्कोअरबुकात पेन्सिलीने सगळा सामना टिपते. शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, सेकंड बेसचा चार, फर्स्ट बेसचा तीन. एका चेंडूत दोन गडी बाद झाले की ती ‘सहा-चार-तीन’ एवढंच पुटपुटते. बॅट न फिरवता, नुसता बघत उभा राहून जो बाद होतो त्याच्यापुढे इंग्रजी ‘के’ उलटा काढतात. मला हा उलटा के फार आवडतो. धावफलकावर तर तीन रकाने असतात: धावा, हिट्स आणि चुका. होय, चुका. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला तर एक अधिकृत माणूस वर बसून ठरवतो, की ही चूक होती की नाही, आणि ती हजारो लोकांसमोर विजेच्या दिव्यांत लागते. आमच्या घरी लग्नकार्यात हे काम माझी एक आत्या करायची. तिलाही कोणी नेमलेलं नव्हतं असं नाही. ते पद वंशपरंपरागत होतं.

दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा फलंदाज या खेळात थोर समजला जातो, मोसमात १६२ सामने असतात, आणि त्यातले साठेक हरणारा संघ उत्तम म्हणवतो. आजची हार मनाला लावून घ्यावी तर उद्या पुन्हा सामना आहेच. हा खेळ आपल्या लोकांसाठीच होता, चुकून इकडे आला, असं माझं मत आहे. प्रत्येक चेंडूनंतर बोलायला भरपूर वेळ असायचा. २०२३ साली पिचरमागे घड्याळ लावलं आणि पंधरा-वीस सेकंदांत चेंडू टाकायची सक्ती केली, तेव्हापासून सामना जवळजवळ अर्धा तास लवकर संपायला लागला. अर्धा तास! आमच्याकडे अर्ध्या तासात अध्यक्षांची ओळखसुद्धा करून देऊन होत नाही.

सहाव्या इनिंगच्या मध्यावर शर्यत असते. सॉसेजांची. ब्राटवुर्स्ट, पोलिश, इटालियन, हॉट डॉग आणि चोरिझो असे पाच पुरुषभर उंचीचे सॉसेज मैदानाच्या कडेने धावतात. चोरिझो म्हणजे आपल्या गोव्याच्या चोरिसाचा परदेशी चुलतभाऊ, म्हणून आमचा पाठिंबा त्याला. २००३ साली पिट्सबर्गच्या रँडल सायमन नावाच्या खेळाडूने गंमत म्हणून डगआउटमधून बॅट पुढे करून इटालियन सॉसेजला टोला दिला. आत एक तरुण मुलगी होती, ती पडली आणि तिने हॉट डॉगलाही पाडलं. पोलीस आले, सायमनला ४३२ डॉलर दंड झाला आणि तीन सामन्यांची बंदी. पुढच्याच महिन्यात त्याला आपल्या संघात कोणी घेतलं? कब्जनी. सई ही गोष्ट शेजारच्या मिलवॉकीवाल्यांना अभिमानाने सांगते. मी त्या वेळी पुऱ्यांचा डबा उघडतो. ‘तिकडे’ ती हीच जागा असणार.

आता खरी गोष्ट. क्रेग काउन्सेल. हा माणूस मिलवॉकीच्या व्हाइटफिश बे या उपनगरात वाढला. वडील ब्रुअर्सच्या कचेरीत नोकरीला होते. हा स्वतः ब्रुअर्सकडून खेळला, मग नऊ मोसम त्यांचा मॅनेजर होता. गावचा मुलगा. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याने शिकागोची नोकरी धरली. पाच वर्षं, चार कोटी डॉलरहून जास्त. तोवर कुठल्या मॅनेजरला इतके मिळाले नव्हते. तेव्हापासून मिलवॉकीत त्याचं नाव पुकारलं गेलं, किंवा पिचर बदलायला तो पायऱ्या चढून मैदानात आला, की वरपासून खालपर्यंत सगळं प्रेक्षागार हुर्यो करतं. आजोबा, नातू, कडेवरचं पोर, सॉसेज विकणारा. कणीस घेऊन गेलेला आमचा शेजारी त्या शनिवारी चार ओळी खाली बसला होता. तो उभा राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून, कणसाच्या जोरावर ओरडत होता.

सई निळ्या टोपीत ताठ बसून टाळ्या वाजवत होती, कारण तो तिचा मॅनेजर. मी टाळीला हात उचलला आणि तो तसाच राहिला. जास्त पगार मिळतोय म्हणून मोठ्या गावात गेलेला मुलगा! जाऊन जाऊन गेला कुठे, तर दीड तासावर. मनात आलं तर घरी येऊन जेवून परत जाईल. आणि त्यासाठी एवढा गजर. मी हिशेब मांडायला नको म्हणत होतो, पण तो मांडला जात होता.

बाय द वे, त्याच्या जागी ब्रुअर्सनी त्याचाच जुना गुरू नेमला. पॅट मर्फी. हे गृहस्थ खिशात पॅनकेक ठेवतात आणि सामना चालू असताना काढून खातात. पहिल्याच वर्षी, २०२४ साली, त्यांना त्यांच्या लीगमधला वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर हा किताब मिळाला. खिशातल्या खाण्याचा परिणाम असणार. आमचे आजोबाही कोटाच्या खिशात धिरडं ठेवून कोर्टात जात, पण त्यांना कोणी किताब दिला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये गुरूने शिष्याला पाचव्या, निर्णायक सामन्यात हरवून घरी पाठवलं. त्यानंतर आमच्या घरी दोन दिवस जेवताना कोणी बोललं नाही. पॅनकेक हा शब्द तर अजूनही जपूनच उच्चारावा लागतो.

हुर्योची ती शनिवारची रात्र त्याआधीची. त्या रात्रीही कब्ज हरलेच. पार्किंगमधून बाहेर पडायला लागतो त्या वेळात गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या, म्हणून पुण्याला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, साडेनऊ वाजत आले होते.

“हरलात ना?” वडिलांनी विचारलं. हा प्रश्न नसतो, नमस्काराच्या जागी असतो.

मी काउन्सेलचं सगळं सांगितलं. गाव, वडिलांची नोकरी, पगार, हुर्यो. वडील शांतपणे ऐकत होते. मागे आजीच्या हातातल्या झाऱ्याचा आवाज येत होता.

“अंतर किती म्हणालास?”

“दीडशे किलोमीटर. पुण्याहून दादर.”

“आणि एवढ्याला चाळीस हजार लोक ओरडतात?”

“हो.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “तू गेलास तेव्हा विमानतळावर आम्ही हार घातला होता. पेढे वाटले होते. फारच स्वस्तात सुटलास की रे.”

सईने मागून मान पुढे काढली. “आजोबा, लेट झालं नाहीये. तुम्ही आता करू शकता. मी शिकवते. पोटातून काढायचा आवाज. बूऽऽऽ!”

वडिलांनी केलं. घसा साफ करून, दबकत, शेजारी ऐकतील का अशा बेताने केलं. सई म्हणाली, “व्हेरी वीक, आजोबा.” तेवढ्यात झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला आणि “इकडे द्या तो फोन,” असं ऐकू आलं. त्यानंतर गाडीच्या स्पीकरमधून जी हुर्यो बाहेर पडली, ती ऐकून शेजारच्या रांगेतल्या ब्रुअर्सवाल्याने काच खाली करून आमच्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

“आणखी एकदा करू का?” आजीने विचारलं.